नुसती बघायची गाडी

मॉलमध्ये दोरी लावून चकचकीत गाडी उभी करतात. सनरूफ, भलीमोठी अलॉय चाकं, सगळं टॉप मॉडेलचं. खालच्या पाटीवर किंमत मात्र बेसिकची, आणि तीही एक्स-शोरूम! आरटीओ, विमा कोण भरणार, तुमचे काका?

वाहन प्रदर्शनांतल्या कन्सेप्ट गाड्यांची, म्हणजे नमुना म्हणून दाखवायच्या गाड्यांची, तर वेगळीच तऱ्हा. टाटांनी २०१७ ला जिनिव्हात रेसमो ही स्पोर्ट्स कार दाखवली, काय देखणी होती! विक्रीला आलीच नाही. सिएरा २०२० ला दाखवली, बाजारात यायला २०२५ संपत आलं. ब्रँडचा गाजावाजा तेवढा झाला.

अहो, नाशिकच्या द्वारका चौकातल्या कोंडीत चालेल अशी गाडी ठेवा ना कधी दोरीमागे! आणि पाटीवर नाशिकची ऑन-रोड, म्हणजे आरटीओ-विमा धरून, किंमत लिहा, ठळक.