उत्तर चुकलं

वेळापत्रकातला भूगोलाचा तास आणि उन्हाळ्यातली मुठा, दोघींची गत एकच. कागदावर निळी रेघ दिसते, जाऊन बघावं तर पाणी नाही. गणिताचे सर दारात उभे राहतात, "बाई, आज तुमचा तास घेतो हां, बीजगणित राहिलंय," म्हणतात आणि माझ्या होकाराची वाट न बघता फळा पुसायला लागतात. फळ्यावर मी नुकताच काढलेला हिमालय असतो. दोन फटक्यांत जमीनदोस्त. तक्रार तरी काय करणार? दहावीला आमचे गुण 40, तेही इतिहास-राज्यशास्त्राच्या शेपटीला बांधलेले. पालकसभेत एका आईंनी तर मला धीरच दिला, "भूगोलाचं आम्हाला टेन्शन नाही हो बाई, तो आम्ही रिक्षात करून घेतो."

आमच्या शाळेतला भारताचा नकाशा माझ्याही आधीपासून नोकरीत आहे. मेणकापडी, घड्यांवर तडकलेला. लक्षद्वीप एका घडीत कायमचं बुडालंय आणि पुण्याच्या जागी चक्क भोक आहे. आजवर जो कोणी शिकवायला आला, त्याने आधी छडीचं टोक तिथेच टेकवलं असणार, "हे बघा, आपण इथे आहोत." आता तिथे आपण नाही, मागच्या भिंतीचा पोपडा आहे.

हा नकाशा दक्षिणेच्या भिंतीवर टांगतात, कारण खिळा तिथे आहे. परिणामी "उत्तर कुठे?" असं विचारलं की अख्खा आठवी ब पंख्याकडे बोट दाखवतो. नकाशात उत्तर वर असते ना! एक दिवस वैतागून मी फतवा काढला : माझ्या तासाला 'उजवीकडे-डावीकडे' बंद. "उजवं-डावं तुमचं तोंड कुठे आहे त्यावर ठरतं. दिशा आपल्या जागेवरून हलत नाहीत." वाक्य मला इतकं आवडलं की मी ते वहीत लिहून घ्यायला लावलं.

पण खरा घात केला तो स्थानिक वेळेने. धडा तसा सोपा. पृथ्वी 24 तासांत 360 अंश फिरते, म्हणजे एका अंशाला 4 मिनिटं. भारताची प्रमाणवेळ 82°30' पूर्व रेखावृत्तावरची, ते मिर्झापूरवरून जातं. (मिर्झापूर म्हटल्यावर मागच्या बाकांवर जी खसखस पिकली, तिचा रेखावृत्ताशी काही संबंध नव्हता.) पुणं साधारण 74 अंशांवर. फरक साडेआठ अंश, गुणिले 4, झाली 34 मिनिटं. "म्हणजे घड्याळात सात वाजून चौतीस मिनिटं झाली, की पुण्याच्या सूर्याचे सात वाजतात!" मी टाळीची वाट बघत थांबले. टाळी आली नाही, पण खिडकीपाशी बसणाऱ्या एका मुलाने चक्क लिहून घेतलं. मला भरून आलं.

दुसऱ्या दिवशी सातची शाळा. साडेसात होऊन गेल्यावर हा बाळ दारात. डोळ्यांत झोप, केसांना पाणी.

"किती वाजले?"

"सात, बाई. स्थानिक वेळ."

बावीस वर्षांत एवढं अचूक उत्तर मला कोणी दिलं नव्हतं. रागवायचं की पाठ थोपटायची, हेच कळेना. शेवटी म्हटलं, "ये आत. पण मग तुझी शाळा सुटेलही स्थानिक वेळेनेच. बाकीचे साडेबाराला, तू एक वाजून चार मिनिटांनी." त्यावर त्याने जागच्या जागी मिर्झापूर स्वीकारलं.

'भौगोलिक कारणे लिहा' हा प्रश्न तर मी घरी, दार लावून तपासते. सहामाहीला विचारलं होतं : पुण्यात कोकणापेक्षा पाऊस कमी पडतो. मला हवं होतं ते सरळ होतं. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढताना थंड होऊन तिथेच बरसतात आणि पलीकडे पर्जन्यछाया. एका पठ्ठ्याने एका ओळीत निकाल लावला : 'कारण ढग बोरघाटात अडकतात आणि तिथेच मोकळे होतात.' मी लाल पेन घेऊन दहा मिनिटं बसले. यात चूक काय ते सापडेना. दोन गुण दिले आणि एक भाषेचा कापला. 'सिमला कोठे आहे?' याला तिघांनी 'शिवाजीनगर' लिहिलं होतं. तिथे मात्र मी काट मारली, जरा जड हातानेच. हवामान खात्याचं मुख्यालय 1928 साली सिमल्याहून पुण्यात आलं आणि इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात, यात त्या पोरांचा काय दोष?

तर गेल्या श्रावणातली गोष्ट. सदाशिव पेठेत मैत्रिणीकडे मंगळागौरीला निघाले होते. मोबाइलने मान टाकलेली. एकाच मारुतीवरून तिसऱ्यांदा गेल्यावर माझ्या लक्षात आलं, की बाई हरवल्या. एवढ्यात समोरून सायकलवर कोण यावं? मिर्झापूर! त्याला वाड्याचं नाव सांगितलं. त्याने एक पाय टेकवला, क्षणभर डोळे मिटले आणि म्हणाला, "सोप्पंय बाई. सरळ पूर्वेला जा. दुसरा बोळ दक्षिणेला, की लगेच पश्चिमेला हिरवं दार."

मी वर पाहिलं. आभाळ गच्च भरलेलं, सूर्याचा मागमूस नाही. चारही बाजूंना सारख्याच भिंती, सारखेच बोळ. हातातला गजरा सावरत, आजूबाजूला कुणी ऐकत नाही असं बघून मी विचारलं, "म्हणजे उजवीकडे की डावीकडे रे?"

"ते तुमचं तोंड कुठे आहे त्यावर आहे ना, बाई."