काय मग?

सकाळी दहा वाजून बारा मिनिटांनी बायोमेट्रिकवर अंगठा टेकवला की मशीन 'थँक यू' म्हणतं. माझ्या दिवसातला सर्वांत सुरळीत संवाद तोच. खरी परीक्षा पुढे, जिन्यापासून स्टाफरूमपर्यंतच्या चाळीस पावलांत. समोरून अर्थशास्त्राचे सर येतात, हसतात आणि म्हणतात, "काय मग?"

यात कर्ता नाही, कर्म नाही, क्रियापदही नाही. उत्तर द्यायचं तरी कशाचं? नवी मुंबईतल्या या विद्यापीठात नवा लागलो तेव्हा मी खरं उत्तर द्यायचो. "अहो, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन निघालंय. डॉक्टर म्हणतात, दोन्ही एकदम..." 'दोन्ही'पर्यंत येईतो सर खालच्या मजल्यावर. शेवटी विभागातल्या शिपाईमामांनी कानमंत्र दिला, "सर, 'चाललंय' म्हणायचं आणि चालायला लागायचं."

लाजेची गोष्ट अशी की मी भाषाविज्ञान शिकवतो. अशा बोलण्याला मालिनोव्स्की या मानववंशशास्त्रज्ञाने 1923 मध्ये 'फॅटिक कम्युनियन' असं नाव दिलं, हे दर वर्षी फळ्यावर लिहितो. हवापाण्याच्या गप्पांत माहिती द्यायची नसते, माणसं धरून ठेवायची असतात; परका माणूस गप्प राहिला की भीती वाटते, असं त्याचं म्हणणं. (त्यासाठी बिचारा ट्रोब्रियांड बेटांवर जाऊन राहिला. आमच्या स्टाफरूममध्ये दोन दिवसांत काम झालं असतं.) वर्गात हे रंगवून सांगायचं आणि तास संपला की ट्युटोरियलचा गठ्ठा छातीशी धरून, भयंकर घाईत असल्यासारखं, भिंतीकडेने सटकायचं, असा माझा क्रम. तो छान चालला होता. मग एकदा इतिहासाच्या मॅडमनी सुतळी बोटाने उचलून वरचा कागद वाचला. "सर, या मुलीचं लग्न होऊन बाळ झालं की हो!"

गप्प राहण्याची किंमत पुढे कळली. आमच्याकडे परिपत्रक ईमेलवर येतं, पण त्याचा अर्थ चहावर येतो. बढतीच्या, म्हणजे 'कॅस'च्या, फाईलला नवा तक्ता जोडायचाय हे साडेअकराच्या चहाला बसणाऱ्या सगळ्यांना ठाऊक होतं. मी ग्रंथालयात बसून जुना तक्ता सुवाच्य अक्षरात भरत होतो. फाईल आस्थापना विभागात जाऊन पडली ती पडलीच.

मग मी तयारीला लागलो. ठाण्याहून ट्रान्सहार्बरची गाडी पकडली की मनात उजळणी : ऐरोलीला पाऊस, रबाळ्याला मेगाब्लॉक, घणसोलीला महागाई भत्ता, कोपरखैरण्याला एपीएमसीतला हापूसचा भाव. 2024 मध्ये मध्येच दिघा गाव स्टेशन सुरू झालं, तेव्हा तिथे 'काय उकडतंय!' बसवलं. हा विषय आपल्याकडे दहा महिने टिकतो.

परवा एवढी शिदोरी घेऊन आस्थापना विभागात गेलो. क्लार्क मॅडम फायलींच्या ढिगाआड. मी शक्य तितक्या सहजपणे म्हणालो, "काय मग, मॅडम?"

त्यांनी चष्मा काढला. "काय सांगू सर, आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलंय. डॉक्टर म्हणतात, दोन्ही एकदम करू."

माझ्या शिदोरीत हे नव्हतं. पण पाठ होतं! वॉकर कधी धरायचा, फिजिओथेरपीवाला घरी बोलवायचा की आपण जायचं, कमोडवर उंच सीट आधीच आणून ठेवायची, आणि रात्री आई रडली तर घाबरायचं नाही, हे सगळं सांगितलं. मॅडमनी जुन्या पाकिटाच्या पाठीवर लिहून घेतलं. मध्ये चहा आला. मी बशीतून प्यालो. पाऊण तास गेला.

वर आलो तर मामा दारातच. "सर, फायलीचं काय झालं?"

"अरे!" मी म्हणालो. "ते विचारायचंच राहिलं."