अडत्या हटवा, अडत्या व्हा

तुमची आयटीतली नोकरी गेली असेल किंवा जाण्याच्या बेतात असेल, तर वेळ न घालवता स्पेशालिटी, म्हणजे निवडक मळ्यांतल्या महागड्या कॉफीच्या धंद्यात उतरा. मिसळीचं हॉटेल काढलंत तर रश्शाची चव रोज सिद्ध करावी लागते. कॉफीत तो ताप नाही. कॉफी आंबट लागली तर दोष गिऱ्हाइकाच्या जिभेचा. परवा पुण्यातल्या एका कॅफेत मी 280 रुपयांची पोअर-ओव्हर, म्हणजे वरून गरम पाणी ओतून गाळलेली कॉफी घेतली आणि साखर मागितली. काउंटरवरच्या पोराने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पुरणपोळीवर शेजवान चटणी मागितली होती. मग समजूत काढली, "काका, यात जांभूळ आहे, गूळ आहे, शेवटी संत्र्याची साल येते." मी शेवटपर्यंत वाट पाहिली. साल काही आली नाही. मला काढाच लागला. पण समोरच्या पाकिटावर 'थेट शेतकऱ्याकडून' असं वाचलं आणि जीव थंड झाला. तुम्हाला विकायचंय ते हेच.

या 'थेट'ची पहिली गंमत अशी, की तो लिहायला कुणाची परवानगी लागत नाही. 'सेंद्रिय' छापायचं तर प्रमाणपत्र आलं. फेअरट्रेडचा, म्हणजे पिकवणाऱ्याला रास्त भाव दिल्याचा शिक्का हवा तर तपासणी आली, किमान भाव आला, वर प्रीमियम आला. डायरेक्ट ट्रेडची, म्हणजे या 'थेट' व्यापाराची मात्र कुठल्याही कायद्यात व्याख्या नाही. अमेरिकेतल्या काही रोस्टरांनी, म्हणजे कॉफी भाजून विकणाऱ्यांनी 2000 नंतरच्या दशकात हा शब्द रूढ केला, तेव्हा मळ्यावर जायचं, भाव उघड ठरवायचा आणि दर्जाचे जादा पैसे द्यायचे, अशी कल्पना होती. त्यातलं मळ्यावर जाणं तेवढं आपण घेऊ. आपल्या गिऱ्हाइकाला 'थेट'ची सवय आहेच. दर एप्रिलमध्ये त्याच्या घरी 'थेट देवगडच्या बागेतून' पेटी येते आणि आंब्याखाली अंथरलेलं वर्तमानपत्र कन्नड निघतं. पेटी कुणी परत करत नाही.

मळा निवडताना भावनेच्या आहारी जाऊ नका. देशातली सुमारे 70 टक्के कॉफी कर्नाटकात, म्हणजे कोडगू, चिकमगळूर, हासन या पट्ट्यात होते. (आपल्याकडे चिखलदऱ्यालाही कॉफीची झाडं आहेत, पण तिकडे जाऊ नका. अमरावतीच्या माणसाशी मराठीत भाव ठरवण्यात कसली आली गूढता?) कर्नाटकातले बहुतेक उत्पादक लहान, 10 हेक्टरच्या आतले. त्यांच्या नादी तर मुळीच लागू नका. लहान माणसाकडे फळं सोलायचा पल्पर धड नसतो, वाळवायचं खळं अपुरं असतं. तो माल तालुक्याच्या व्यापाऱ्याला घालून मोकळा होतो, कारण त्याच व्यापाऱ्याने पावसाळ्यात खताला आणि उन्हाळ्यात मुलीच्या लग्नाला उचल दिलेली असते. तुम्ही काय देणार, इन्स्टाग्रामवर टॅग?

म्हणून दोनशे एकरवाला गाठा. त्याचे आजोबा क्लबाचे मेंबर होते, त्याचं इंग्रजी तुमच्यापेक्षा बरं आहे, आणि पाहुण्यांच्या बंगल्यात शेकोटी आहे. सातबाऱ्याला तिकडे पहाणी म्हणतात. तिच्यावर नाव त्याचंच, तेव्हा तोही शेतकरीच. संध्याकाळी तो तुम्हाला सांगेल, की 1942च्या कायद्यानंतर सगळी कॉफी सरकारी कॉफी बोर्डाच्या सामायिक साठ्यात जमा करावी लागे, वडिलांना गिऱ्हाईक निवडायची मुभाच नव्हती, आणि नव्वदच्या दशकात ते जोखड उतरलं. हे सगळं खरं आहे. मान हलवत ऐका, रेकॉर्ड करा. बाबा बुदानांची गोष्टही तो सांगेल: येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चंद्रगिरीच्या डोंगरात लावल्या. मध्ये दलाल नाही, हातात पावती नाही, पिकवणाऱ्याला दमडी नाही. आपल्या धंद्याचा याहून मोठा आद्यपुरुष कोण सापडणार? पहिल्या रीलला ही गोष्ट घ्या.

आता भाव. इथे चुकलात तर सगळंच चुकलं, म्हणून सावकाश सांगतो. भाव कधीही रुपयात सांगू नका. 'बाजारभावापेक्षा 30 टक्के जास्त देतो' असं म्हणा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी येतं आणि कशाच्या 30 टक्के हे कुणी विचारत नाही. 2019च्या एप्रिल-मे महिन्यांत न्यूयॉर्कच्या बाजारात अरेबिका, म्हणजे कॉफीची भारी जात, पाउंडाला 90 सेंटच्या आसपास लोळत होती. त्यावर 30 टक्के चढवले की होतात 1 डॉलर 17 सेंट. फेअरट्रेडचा धुतलेल्या (गर धुऊन काढलेल्या) अरेबिकाचा किमान भाव तेव्हा होता 1 डॉलर 40 सेंट. म्हणजे तुम्ही उदार मनाने जादा देऊनही शिक्केवाल्या कंजूष लोकांपेक्षा 23 सेंट कमी दिले असते, आणि तरी पाकिटावर तुमचाच फोटो. उलट, फेब्रुवारी 2025मध्ये हाच भाव 4 डॉलरच्या वर गेला. अशा वेळी टक्क्यांची भाषा ताबडतोब थांबवावी आणि 'आमचं नातं पैशापलीकडचं आहे' या वाक्यावर यावं. मळेवाला फोन उचलेनासा होईल. त्यालाही नातं पैशापलीकडचंच वाटत असतं, फक्त पलीकडे एक निर्यातदार उभा असतो.

तरीही एखादं खवट गिऱ्हाईक विचारेलच, की 250 ग्रॅमच्या 650 रुपयांतले मळ्यावर किती पोचतात. त्याचा बंदोबस्त आधीच करून ठेवा. पाकिटावर मळ्याची उंची छापा, 1,200 मीटर. वाण छापा, एस 795 किंवा सिलेक्शन 9. फळं किती तास बंद पिंपात आंबवली ते छापा. भाजल्याची तारीख छापा. चाखणाऱ्याने दिलेले गुणही छापा, पाव गुणाच्या हिशेबासकट. 100पैकी 80 किंवा जास्त मिळाले की स्पेशालिटी. पालकांना दहावीच्या डिस्टिंक्शनची आठवण येते आणि ते पाकीट उचलतात. एवढं सगळं छापल्यावर किमतीला जागा उरत नाही, याला तुमचा इलाज नाही.

माल उचलायचा तो 40 किलो. झाडावर लालभडक पिकलेलं, हाताने दोनदा निवडलेलं, जाळीच्या पलंगांवर वाळवलेलं. उरलेले शेकडो क्विंटल तो विकेल बाजारात, नेहमीसारखे. रोबस्टाकडे, म्हणजे कॉफीच्या दुसऱ्या, कडवट जातीकडे तर बघूही नका. देशातली साधारण 70 टक्के कॉफी तीच असली तरी तिच्यात संत्र्याची साल येत नाही. पैसे 60 दिवसांनी द्या. अडत्या रोख देतो, पण अडत्याकडे गोष्ट सांगण्याची कला कुठे आहे? तुमच्या 40 किलोंना क्युअरिंग वर्क्समध्ये जावं लागेल, टरफल काढून प्रतवारी होईल, मग ट्रान्सपोर्टवाला येईल, मग गोदाम येईल. ही मंडळी मध्यस्थ नव्हेत. हे पार्टनर.

शाश्वततेचं फार मनावर घेऊ नका, तो भाग सोपा आहे. भारतातली कॉफी पूर्वापार झाडांच्या सावलीतच पिकते. पाकिटावर 'सावलीत पिकवलेली' छापणं हे मिठाच्या पुडीवर 'खारट' छापण्यासारखं. तरी छापा. शेजारी धनेश पक्षी काढा. सावलीची झाडं कुठली, हे लिहू नका. फणस, जांभूळ, अत्ती (म्हणजे आपला उंबर) यांच्या जागी बऱ्याच मळ्यांत ऑस्ट्रेलियाहून आलेला सिल्व्हर ओक उभा असतो: भराभर वाढतो, सरळसोट जातो, अंगावर मिरीचा वेल चढतो आणि लाकडाला गिऱ्हाईक असतं. धनेशाला त्याचं फळ खाता येत नाही, पण चित्रातल्या धनेशाला भूक नसते. आणि 'वॉश्ड' हा शब्द तर फारच पवित्र. फळाचा गर धुतलेलं ते आंबूस पाणी पुढे कुठल्या ओढ्यात उतरलं हे पाकिटावर लिहायची पद्धत नाही. पाकीट स्वतः तीन थरांचं, आत चकचकीत पत्रा, वर वाऱ्याची झडप. ते कुजत नाही. पण त्याचा रंग मातकट ठेवलात तर कुजेलसं वाटतं.

राहिला फोटो. मळेवाल्याचा चेहरा घ्या, टोपीसकट. तोडणाऱ्या बायांचे मात्र फक्त हात घ्या. ओंजळभर लाल फळं, नखांत माती, मागे धुकं. चेहरा घेतला की नाव विचारावं लागतं, नाव विचारलं की मजुरी, आणि मजुरी विचारली की थेट व्यापार फारच थेट होऊ लागतो.

मी स्वतः हे सगळं पाळून एकदा जानेवारीत चिकमगळूर जिल्ह्यातल्या मुडिगेरेकडच्या एका मळ्यावर गेलो होतो. संध्याकाळी खळ्यावर वजन चाललं होतं. बाया ताडपत्रीवर फळं ओतून हिरवी बाजूला काढत होत्या, मग पोतं लटकत्या काट्याला लागे आणि रायटर, म्हणजे मळ्याचा कारकून, वहीत आकडा टाके. बऱ्याचजणी आसामहून आलेल्या. मी पुण्याहून नेलेलं पाकीट काढून एकीला दाखवलं, याच मळ्याचं, मागच्या हंगामाचं. तिने ते उलटसुलट केलं. धनेश पाहिला, उंची पाहिली, वरची झिप दोन वेळा उघडून लावून पाहिली. मग मोडक्या हिंदीत म्हणाली, "खाली हो गया तो देना. मसाला रखने को अच्छा है."

पाकिटात मूठभर बिया उरल्या होत्या. त्या मी रुमालात बांधल्या आणि पाकीट तिथेच तिच्या हातात दिलं. रायटरने वहीतून मान वर करून पाहिलं, पण लिहिलं काही नाही.