मिरचीचे ऐंशी हजार आणि सात सुवर्णनियम

गेल्या गुरुवारी रात्री दहाला कराडहून आत्याचा फोन आला. या वेळेला तिचा फोन म्हणजे कुणीतरी गेलं, असाच आमच्याकडे हिशोब. पण प्रश्न वेगळाच निघाला. “आरं, गटाच्या खात्यावर ऐंशी हजार हायती. तेवढ्यात क्यामेरा येतोय का?”

आत्या आणि तिच्या बचत गटातल्या बाया दर उन्हाळ्यात कांदा-लसूण मसाला करतात. ते ऐंशी हजार मिरची भरायचे होते. मग कॅमेरा कशाला? तर व्हॉट्सअ‍ॅपवर तिला ‘तुमचा ब्रँड ३० दिवसांत व्हायरल : प्रोफेशनल व्हिडिओचे ७ सुवर्णनियम’ असा मेसेज आला होता. खाली लिहिणाऱ्याचं नाव नाही, वर आगीच्या इमोजींची रांग. दुसऱ्या दिवशी तोच मेसेज मला आणखी तीन ग्रुपवर सापडला. लग्नांचे आणि दुकानांचे व्हिडिओ एडिट करून मी पोट भरतो, त्यामुळे गप्प बसणं जमलं नाही.

क्रमाने घ्यायला जीव तेवढा शांत नाही. आधी तिसरा नियम, कारण गटाला गोत्यात आणणारा तोच आहे. जसाच्या तसा देतो : “ट्रेंडिंग गाणं लावा. १५ सेकंदांपेक्षा कमी वापरलं तर कॉपीराइट लागत नाही. खाली मालकाला क्रेडिट द्या. बिझनेस अकाउंटला गाणी दिसत नसतील तर पर्सनल अकाउंटवरून टाका.”

हे १५ सेकंद आले कुठून? आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. परवानगीशिवाय काय काय चालतं याची लांबलचक यादी त्याच्या कलम ५२ मध्ये आहे : खासगी वापर, संशोधन, टीका-समीक्षा, चालू घडामोडींचं वार्तांकन वगैरे. गाणं इतके सेकंद वाजवलं तर माफ, असं माप त्यात कुठेही नाही. माल विकण्यासाठी वाजवलं तर माफ, असंही नाही. गंमत म्हणजे लग्नाच्या वरातीत गाणं वाजवायला त्याच कलमात सूट आहे. आमच्या धंद्यातल्या कित्येकांचा घोळ तिथूनच होत असावा. वरातीत वाजलं म्हणजे जाहिरातीतही वाजणार, अशी समजूत.

क्रेडिटचं तर विचारूच नका. शेजाऱ्याच्या म्हशीची धार काढायची आणि किटलीवर त्याचं नाव लिहायचं, असला हा प्रकार. नाव लिहिलं म्हणून दूध आपलं होत नाही. उलट, गाणं दुसऱ्याचं आहे हे आपल्याला माहीत होतं याची कबुली आपणच लिहून देतो. आणि कलम ६३ नेमकं जाणूनबुजून केलेल्या उल्लंघनाबद्दल आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. धंद्यातल्या फायद्यासाठी केलेलं नसेल तर न्यायालय शिक्षा कमी करू शकतं. मसाल्याची जाहिरात ही धंद्यातच मोडते.

आत्याला घाबरवायचं नाही. पोलीस काही रीलसाठी कराडला येत नाहीत. बहुतेक वेळा आवाज बंद होतो किंवा व्हिडिओच उडतो, आणि तोवर त्या व्हिडिओखाली आलेल्या ऑर्डरी, कमेंटी सगळं पाण्यात. पण मोठ्या कंपन्या सुटत नाहीत. अमेरिकेतल्या बँग एनर्जी या पेयाच्या कंपनीने टिकटॉकवरच्या आपल्या जाहिरातींत लोकप्रिय गाणी वापरली. २०२२ मध्ये युनिव्हर्सल आणि सोनी या दोन्ही संगीत कंपन्यांच्या दाव्यांत तिथल्या न्यायालयाने तिला उल्लंघनाबद्दल जबाबदार धरलं. गाणी अ‍ॅपमध्येच होती, ही सबब चालली नाही. ‘पर्सनल अकाउंटवरून टाका’ या सल्ल्याचं उत्तर यातच आलं. बिझनेस अकाउंटला ती गाणी दिसत नाहीत ती अ‍ॅप बिघडलंय म्हणून नव्हे. अ‍ॅपने संगीत कंपन्यांशी केलेला करार हौसेच्या वापरापुरता असतो, धंद्याच्या नव्हे.

“मग मुकाच लावू का व्हिडिओ?” आत्या म्हणाली. मुका कशाला? वापरायला मोकळं संगीत ठेवलेली यूट्यूबची ऑडिओ लायब्ररी आहे, फेसबुक-इन्स्टाग्रामवाल्या मेटाचं साउंड कलेक्शन आहे. नाहीतर सरळ जात्यावरची ओवी म्हण. आजीने शिकवलेल्या ओव्या तिला डझनांनी पाठ आहेत. परंपरेने आलेली ओवी कुणाच्या मालकीची नाही, फक्त दुसऱ्या कुणी रेकॉर्ड केलेली उचलायची नाही. आपल्या गळ्याने म्हणायची.

आता पहिला नियम, तो कॅमेऱ्याचा : “फोर-के कॅमेरा नसेल तर ग्राहक तुम्हाला लोकल समजतो.” अहो, लोकलच आहोत. आणि फोर-के म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके, हे खरं. पण फोनवर उभ्या रीलमध्ये ते शेवटी १०८० बाय १९२० च्या आसपास दाबूनच दिसतात. आत्याच्या मुलाचा फोन तेवढं आरामात काढतो.

तिचे व्हिडिओ मी मागवून पाहिले. त्यांत खरी खोट होती ती दिव्याची. स्वयंपाकघरात ट्यूबलाइट, आणि पडद्यावर वरून खाली सरकणारे काळे पट्टे. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणून ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. डोळ्याला कळत नाही, कॅमेऱ्याला कळतं. फोनच्या प्रो मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचं सगळं आपल्या हाताने ठरवायच्या सेटिंगमध्ये, शटर (एकेक चित्र टिपायचा वेळ) १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवलं की पट्टे जातात. त्याहून सोपं म्हणजे ट्यूब बंद करून सकाळी खिडकीशी बसायचं. ऐंशी हजारांच्या कॅमेऱ्यानेही शटर चुकलं तर तेच पट्टे येतील, जरा जास्त स्पष्ट.

पैसे घालायचेच तर कॉलरला लावायच्या माईकमध्ये घाला. आणि बोलताना पंखा बंद, शेजारचं मिक्सर बंद, मागे एक गोधडी टांगा. रिकाम्या खोलीतला घुमारा गेला की निम्मा ‘प्रोफेशनलपणा’ तिथेच येतो.

दुसरा नियम सोनेरी माशाचा. “माणसाचं लक्ष ८ सेकंद टिकतं, माशाचं ९, म्हणून व्हिडिओ ८ सेकंदांचाच हवा.” हा आकडा २०१५ मध्ये मायक्रोसॉफ्ट कॅनडाच्या एका अहवालामुळे जगभर फिरला. बीबीसीच्या आकड्यांवरच्या कार्यक्रमाने २०१७ मध्ये माग काढला, तर त्याच्या मागे संशोधन काही सापडलं नाही. दीड तासाचं कीर्तन आणि पाच दिवसांचा कसोटी सामना बघणाऱ्या लोकांना कुणीतरी माशाच्या खाली नेऊन बसवलं. तरी एक कबूल करतो, नाइलाजाने : सुरुवातीचे दोन-तीन सेकंद महत्त्वाचे असतात. लोक अंगठ्याने पुढे ढकलतात, हे मी माझ्याच कामात रोज पाहतो. म्हणून आत्याला सांगितलं, नमस्कार-चमत्कार आणि लोगो पुढे ढकल. कांडप यंत्रातून लाल मिरची पडतेय आणि बाया ठसका लागून पदर नाकाला लावतायत, तिथून सुरू कर.

चौथा नियम वाचून मात्र डोकं फिरलं. “शुद्ध प्रमाण भाषेत बोला, गावठी उच्चार टाळा.” या मेसेजनंतर आत्याने एक व्हिडिओ केला होता. त्यात ती कागदावरून वाचत होती : “आमच्या उत्पादनामध्ये उच्च दर्जाचे घटक वापरले जातात.” शाळा तपासायला आलेल्या साहेबांसमोर उभी असल्यासारखी. कॅमेरा चालू नसताना हीच बाई सांगते की खोबरं जास्त भाजलं तर मसाला कडू होतो, आणि ब्याडगीनं रंग येतोय, तिखटपणाला संकेश्वरी लागती. हे ऐकून मी पाकीट घेईन. ‘उच्च दर्जाचे घटक’ ऐकून शाम्पू घेईन एक वेळ.

पाचवा नियम : “कोणताही पदार्थ असो, आजार बरा होतो असं सांगा. पांढरा कोट घातलेला माणूस दाखवा.” म्हणजे भाचेजावयाला कोट घालून डॉक्टर करायचा आणि लसणाने मधुमेह जातो म्हणून सांगायचं. अन्नसुरक्षा कायदा २००६, कलम ५३ : खाद्यपदार्थाच्या फसव्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड. गटाच्या दहा बाया, प्रत्येकीला लाख. पैशाचं सोडा, कुणी साखरेची गोळी सोडून मसाला खात बसलं तर?

सहावा, रोज तीन व्हिडिओ टाकायचे. मिरची कोण निवडणार मग?

सातवा नियम, हा मेसेज दहा ग्रुपवर पाठवायचा. आमच्या घरात सगळ्यांनी पाळला तो हाच.