वाचलं का ते पिल्लू?

निसर्गावरची एखादी मालिका पहिल्यापासून शेवटपर्यंत सलग पाहावी, अशी माझी फार दिवसांची इच्छा होती. त्यासाठी मी बीबीसीची 2016 सालची ‘प्लॅनेट अर्थ 2’ निवडली. भाग अवघे सहा, म्हणजे हिशेबाने आठवडाभराचे काम. मात्र आमच्या घरी टीव्ही जेवणाच्या वेळीच लागतो आणि हिंस्र प्राण्यांची जेवणाची वेळही नेमकी तीच असते, हे माझ्या लक्षात आले नव्हते.

पहिल्याच भागात, गॅलापागोस द्वीपसमूहातल्या फर्नांडिना बेटावर, समुद्री इग्वानाचे, म्हणजे एका मोठ्या सरड्याचे, पिल्लू वाळूतून डोके वर काढते आणि खडकांच्या फटींतून रेसर साप बाहेर पडू लागतात. या सापांची नजर अधू असल्याने पिल्लू स्तब्ध राहिले तर वाचण्याची आशा असते, असे मालिकेचे निवेदक डेव्हिड अ‍ॅटनबरो त्यांच्या त्या अतिसभ्य आवाजात सांगत होते, तेव्हा आईच्या हातातला वरणभाताचा घास ताट आणि तोंड यांच्यामध्ये थांबला होता. “हलू नकोस रे बाळा,” ती पुटपुटली. बाबाही हलेनात. पिल्लू पळाले, सापांच्या वेटोळ्यात सापडले, त्यातून निसटून कड्यावर चढले. तोवर वरणावर साय धरली होती. मग वाचल्याची खात्री करण्यासाठी तोच प्रसंग आणखी दोनदा पाहावा लागला. पहिला भाग असा तीन दिवस पुरला.

वाळवंटांच्या भागात पेच वाढला. नामिबच्या वाळवंटात सिंहिणींनी जिराफाला घेरले, तेव्हा आई अर्थातच जिराफाच्या बाजूला होती. जिराफाने वाटेतल्या सिंहिणीला तुडवून सुटका करून घेतली, तेव्हा तिने समाधानाने पोळीचा तुकडा मोडला आणि लगेच खाली ठेवला. “म्हणजे त्या बिचाऱ्या आज उपाशीच का?” बाबांना अशा भावनिक गुंत्यात रस नसतो. “एवढा सगळा प्रकार होईपर्यंत कॅमेरावाला काय करत होता?” हा त्यांचा प्रश्न दर भागात असतो. भागाच्या शेवटी चित्रीकरण कसे केले तेही दाखवतात, असे मी त्यांना दरवेळी सांगतो आणि त्या सुमारास ते दरवेळी आंब्याच्या लोणच्याची बरणी ठेवायला स्वयंपाकघरात गेलेले असतात.

शेवटचा, शहरांवरचा भाग तरी निवांत जाईल, असे मी धरून चाललो होतो. तेवढ्यात पडद्यावर मुंबई आली. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या सुमारे 104 चौरस किलोमीटर जंगलातून निघालेला बिबट्या रात्रीच्या अंधारात डुकरांच्या मागावर वस्तीत शिरला आणि आईने खरकट्या हातानेच बोरिवलीच्या मामाला फोन लावला.

“दादा, दाराला कडी घातलीस का?”

मामा पाचव्या मजल्यावर राहतो. त्याची बाल्कनी जंगलाकडे उघडते आणि बिबट्याविषयी बाहेरच्यांनी बोललेले त्याला खपत नाही. त्याने फोन चालू ठेवूनच तो भाग स्वतःच्या टीव्हीवर लावला. आमच्याकडे ताटातले अन्न गार होत होते. ते दृश्य उष्णता टिपणाऱ्या कॅमेऱ्याने घेतलेले असल्यामुळे त्यात ऊबदार अंग तेवढे पांढरे उजळते, हे मी फोनवर ओरडून सांगत होतो. पण मामाचा निकाल तोवर लागला होता.

“हा आमच्याकडचा नव्हे,” तो म्हणाला. “याला ठिपके कुठे आहेत?”