सरांनी शेवटी बोलावं

छत्रपती संभाजीनगर, नांदेड, परभणीकडच्या संशोधक विद्यार्थ्यांच्या गप्पांत एक वाक्य हमखास येतं: "तिकडं मोकळेपणा असतो, आपल्याकडं सरांपुढं कोण बोलणार?" तिकडं म्हणजे इथं, जर्मनीत. पण इथं गाईडला शब्दच मुळी 'डॉक्टरफाटर', म्हणजे डॉक्टरकीचा बाप! दरारा इथंही आहे. फरक पडतो तो गाईड आणि त्याच्या विद्यार्थ्यांची आठवड्याची बैठक कशी बांधली त्यानं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांनुसार पीएचडीच्या विद्यार्थ्याला दर सत्रात एकदा संशोधन सल्लागार समितीपुढं सादरीकरण करावं लागतं. ती तपासणी. आठवड्याची ग्रुप मीटिंगही तशीच चालवली, की तिची हजेरी होते. प्राध्यापकाकडं 8 विद्यार्थी असू शकतात. प्रत्येकाला 7 मिनिटं दिली की तास संपला आणि हाती उरतं "काम चालू आहे, सर".

त्यापेक्षा एका वेळी एकानंच 25 मिनिटं मांडावं, 20 मिनिटं चर्चा, पुढच्या 10 मिनिटांत दोघांची अडलेली कामं. दोन दिवस आधी अर्धं पान सगळ्यांना पाठवावं. त्यात पहिली ओळ: मला कशावर मत हवंय? पद्धतीवर, आकडेवारीवर की लिखाणावर? ही ओळ नसली की लोक स्लाइडवरच्या स्पेलिंगपासून सुरुवात करतात.

बोलायचा क्रम सगळ्यात नव्या विद्यार्थ्यापासून. सर शेवटी. सर आधी बोलले की बाकीचे माना डोलावतात, मग चूक सापडायची कुणाला?

समजा, कुणी तुरीच्या मर रोगावर कुंड्यांतला प्रयोग मांडतोय. "तीनच कुंड्या का घेतल्या?" म्हटलं की तो सबबी शोधायला लागतो. "आणखी तीन लावायला किती दिवस, किती माती लागेल?" असं विचारलं की तो वहीत आकडा लिहितो. आक्षेप तोच, पण काम पुढं सरकतं.

शेवटची 5 मिनिटं टिपणाला: काय, कोण, कधीपर्यंत. पुढची बैठक तिथूनच सुरू. बीड-लातूरच्या कॉलेजात शिकवून पीएचडी करणाऱ्यांसाठी हे टिपण व्हॉट्सअॅपवर त्याच दिवशी गेलं पाहिजे, नाहीतर ते कायमचे मागं पडतात.

आणि एक. फेलोशिपच्या कागदावर त्याच गाईडची सही लागते, म्हणून मतभेद असूनही पोरं गप्प बसतात. मीटिंगच्या दिवशी सह्यांचे कागद आणूच नयेत. सह्यांचा वार वेगळा ठेवावा.