गळाला लावायचं गांडूळ नव्हे

गेल्या नाताळाआधी आमच्या बेळगावच्या मंडळीत वाद पेटला. तरुण संघाच्या चार पोरांनी चर्चच्या आवारात, नुकत्याच टांगलेल्या ताऱ्याखाली, मराठी रॅपवर नाचून रील टाकली. दोन दिवसांत ती कॅम्पापासून खानापुरापर्यंत फिरली. कमिटी बसली आणि ठराव झाला: नाताळच्या कार्यक्रमात सिनेमाची गाणी नकोत, रॅप नको, आवारात रील नको. तरुण संघाच्या पुढाऱ्यांनी मधला तोडगा काढला की चाल तीच ठेवू, शब्द येशूचे घालू, म्हणजे पोरंही येतील आणि वडीलमंडळीही गप्प बसतील. त्या चौघांत माझा भाचा होता, त्यामुळे दोन्ही बाजूंचे लांबलचक आवाजी निरोप मला इथं इंग्लंडात लेस्टरला, रुग्णालयाच्या रात्रपाळीत ऐकायला मिळाले.

मला ठराव पटला नाही, आणि तोडगा तर त्याहूनही पटला नाही.

दर शुक्रवारी संध्याकाळी मी इथल्या चर्चच्या मागच्या हॉलमध्ये जाते. टेबल टेनिस, जुने सोफे, चहा आणि भाजलेला पाव. बारा ते सतरा वयाची पंधरा-वीस मुलं येतात. तिथं पगारावर काम करणारा एक युवासेवक आहे. एका संध्याकाळी एक मुलगा कानात ड्रिल घालून कोपऱ्यात बसला होता. ड्रिल म्हणजे सुरे, टोळ्या, सूड यांचा रॅप. माझ्या मनात आलं, आता हा त्याला बंद करायला सांगणार. युवासेवकानं त्याच्याकडून एक इअरफोन मागून घेतला, गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि विचारलं, "हा गाणारा कुणाला घाबरतोय?" मुलगा आधी हसला, मग बोलायला लागला. रात्री हॉल बंद करायची वेळ झाली तरी तो बोलतच होता. गाणं चांगलं की वाईट हा विषयच निघाला नाही. तो ज्या रस्त्यानं शाळेत जायचा, त्या रस्त्याचा निघाला.

म्हणून इंग्लंडकडून सगळं शिकावं असं मी म्हणणार नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वतःला ख्रिस्ती म्हणवणारे ४६.२ टक्के उरले. शुक्रवारच्या त्या मुलांपैकी रविवारी उपासनेला दोघं-तिघं दिसतात. आमच्याकडे बाकं भरलेली असतात, पोरं पेटीवर बसतात, कॉयरमध्ये गातात, नाताळच्या रात्री घरोघर फिरतात. इथं ऐकणारा माणूस आहे आणि पोरं नाहीत. तिकडे पोरं आहेत, पण त्यांच्या कानातलं गाणं काय आहे हे कुणी विचारत नाही.

आता त्या तोडग्याबद्दल. पोरांची चाल उचलून तिच्यावर आपले शब्द बसवणं म्हणजे गळाला गांडूळ लावणं. येशूनं कोळ्यांना 'मी तुम्हाला माणसे धरणारे करीन' म्हटलं खरं, पण ते कोळी जाळं टाकणारे होते आणि ती जाळी त्यांनी तिथंच सोडली. आणि आमच्या बेळगावात 'आमिष' हा शब्द साधा राहिलेला नाही. डिसेंबर २०२१ मध्ये कर्नाटक विधानसभेनं धर्मांतराविरोधी विधेयक मंजूर केलं ते बेळगावातल्या आमच्याच सुवर्ण विधानसौधात, आणि त्यात आमिष हा गुन्हा होता. ते विधेयक मला अन्यायाचं वाटलं, आजही वाटतं. पण त्यानं उभा केलेला प्रश्न मी झटकून टाकू शकत नाही. आपला फुटबॉल, आपली गिटार, आपलं शिबिर हे त्या पोराला हवं म्हणून आहे, की त्याच्या हातून आपल्याला काही हवं आहे म्हणून? कायदा विचारो न विचारो, पोराला ते पहिल्या दहा मिनिटांत कळतं.

आपल्याच परंपरेत याचं उत्तर आहे. थॉमस स्टीफन्स हा इंग्लंडात जन्मलेला जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा धर्मगुरू, १५७९ मध्ये गोव्यात आला आणि त्यानं १६१६ मध्ये दहा हजारांहून अधिक मराठी ओव्यांचं ख्रिस्तपुराण छापलं. लोक ज्या घाटाच्या रचना ऐकत होते, तो घाट त्यानं वर्षानुवर्षं ऐकून, घोकून अंगी मुरवला. नंतर आले नारायण वामन टिळक. ते १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले. त्याआधी मिशनऱ्यांनी इंग्रजी चालींवर मराठी शब्द कसेबसे बसवलेली गाणी मंडळ्यांत गायली जायची. टिळकांनी अभंग आणले, भजन आणलं, कीर्तन उभं केलं. पण हिंदूंना भुलवण्यासाठी त्यांनी अभंगाचा वेष चढवला नव्हता. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते सांगत. तुकोबा त्यांना मनापासून आवडत, म्हणून त्यांचा अभंग खरा वाटतो. रॅप ज्याला आवडतच नाही त्यानं येशूचा रॅप लिहू नये. ज्याला आवडतो त्याला लिहू द्यावा, आणि तो पहिल्या ओळीतच येशूचं नाव घेतो की नाही हे मोजत बसू नये.

खेळांची गोष्ट मला आणखी आवडते. १८९१ मध्ये अमेरिकेत वाय.एम.सी.ए. या ख्रिस्ती तरुणांच्या संघटनेच्या शाळेत नेस्मिथ नावाच्या शिक्षकानं हिवाळ्यात व्यायामशाळेत कोंडलेल्या तरुणांसाठी बास्केटबॉल शोधला. चार वर्षांनी दुसऱ्या वाय.एम.सी.ए.त मॉर्गननं व्हॉलीबॉल काढला, ज्यांना बास्केटबॉलची दगदग झेपत नव्हती त्यांच्यासाठी. आज खानापूर तालुक्यातल्या शाळेच्या मैदानावर पोरं नेट बांधतात तेव्हा हा खेळ ख्रिस्ती युवासेवकानं दिला हे त्यांना ठाऊक नसतं, आणि ठाऊक असायची गरजही नाही. कुणी गरजेसाठी काहीतरी घडवलं आणि ते सगळ्यांचं होऊन गेलं.

आमच्याकडच्या तरुणाईचं सगळ्यात मोठं गाणं मात्र मोबाइलवर नाही, रस्त्यावर आहे. शिवजयंतीच्या चित्ररथांच्या मिरवणुकीला रात्रभर गल्ल्या जाग्या असतात. माझा भाचा दोन वर्षांपूर्वी गल्लीच्या सजीव देखाव्यात मावळा झाला. दुसऱ्या रविवारी त्याला मंडळीदेखत विचारलं गेलं की आरतीला उभा होतास का. त्या दिवसापासून तो शेवटच्या बाकावर बसतो. शिवाजी महाराज त्याच्या भाषेत, त्याच्या घरात, त्याच्या किल्ल्यांवर आहेत. स्वतःच्या गल्लीत त्याला परका करून आपण कुठला विश्वास राखला? आरतीचा प्रश्न खरा आहे, मी तो हलका करत नाही. पण तो चहाच्या टपरीवर, दोघांत, त्याचं ऐकून झाल्यावर विचारायचा प्रश्न आहे.

आणि १ नोव्हेंबर, कर्नाटकाचा राज्योत्सव आणि सीमाभागातल्या मराठी माणसांचा काळा दिवस. एकाच तरुण संघात मराठी घरातल्या पोराच्या स्टेटसवर काळा चौकोन, कानडी घरातल्या पोराच्या स्टेटसवर लाल-पिवळा झेंडा. बेळगाव आणि सीमाभागावरचा महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे आणि ही पोरं त्यानंतर जन्मलेली आहेत. त्या आठवड्यात युवासेवक सभाच रद्द करतात, 'राजकारण नको' म्हणून. मीही पूर्वी असंच म्हणत असे. मग सप्टेंबर २०२२ मध्ये लेस्टरमध्ये हिंदू आणि मुस्लिम तरुणांचे जमाव समोरासमोर आले, आणि जो तो आपापल्या फोनवर आलेला व्हिडिओ दुसऱ्याला दाखवत होता. त्या शुक्रवारी हॉल बंद ठेवावा असं मीच सुचवलं होतं. युवासेवकानं ऐकलं नाही. नऊच मुलं आली. त्यांनी ते व्हिडिओ एकत्र पाहिले, आणि हा कुठला, तो कधीचा, यावर ती तासभर भांडली. एकमेकांशी बोलत भांडली. मी सुचवलेलं बरोबर नव्हतं.

एक गोष्ट मात्र इंग्लंडकडून जशीच्या तशी घ्यावी, कारण ती इथल्या चर्चनी मुलांचं फार नुकसान करून शिकली आहे. कुठल्याही मोठ्या माणसानं अल्पवयीन मुलामुलीला खासगी निरोप पाठवायचा नाही. ग्रुपमध्ये दुसरा मोठा माणूस हवा. शिबिरात दोन जबाबदार हवेत. आईवडिलांना माहीत हवं. आमच्याकडे 'आमचे दादा आहेत की' एवढ्यावर सगळं चालतं. इन्स्टाग्रामवर पोरांशी जोडून घ्या म्हणून सांगणाऱ्यांनी आधी हे नियम लिहून भिंतीवर लावावेत. रीलबद्दल ठराव करायला कमिटीला एक संध्याकाळ पुरली. यालाही तेवढीच लागेल.

विरोध करायचा तिथं करावाच. बाईला वस्तू करणारी गाणी आहेत, मोबाइलवरचा जुगार आहे. त्यावर मी भाच्याशी भांडले आहे आणि पुढेही भांडेन. पण आधी त्याच्या यादीतली गाणी मी ऐकली होती.

ठरावानंतर आठ दिवसांनी मी त्याला फोन केला आणि रील राहू दे, तू स्वतः काही लिहितोस का म्हणून विचारलं. बराच वेळ तो बोलला नाही. मग त्यानं वाचून दाखवलं: मराठी, कानडी, थोडं हिंदी, सगळं एकात. खानापूर बसस्टँडवर शेवटची गाडी चुकलेला मुलगा, घरी आजारी आजोबा, आणि अंधारात चालताना आठवणारं आजोबांचं एक भजन. ते भजन आमच्या गायनाच्या पुस्तकातलं होतं. मी विचारलं, हे पाळकसाहेबांना पाठवू?

"नको आत्या," तो म्हणाला. "त्यांनी स्वतः विचारलं तर म्हणून दाखवीन."